पायाळू

मी पायाळू आहे. जन्मताना डोकं आधी यायचं सोडून माझे पाय आधी आले. माय सांगते, सुईणीनं पहिल्यांदा देवाचं नाव घेतलं आणि मग देवालाच दोन शिव्या घातल्या. आमच्या यवतमाळकडच्या खेड्यांत पायाळू असणं हा एक प्रकारचा हुद्दाच असतो. पायाळूला जमिनीत पुरलेलं धन दिसतं म्हणतात. मला अजून तरी दिसलेलं नाही. पायाळूवर वीज पडते म्हणतात. त्यामुळे मिरगाचं आभाळ भरून आलं की मला घराबाहेर पडायची चोरी. आणि पायाळूनं कमरेला पाय लावला की भरलेली उसण उतरते म्हणतात. हे तिसरं काम मात्र मी लहानपणी मनापासून केलं.

सोयाबीनची सोंगणी असो, कपाशीतलं निंदण असो, नाहीतर विहिरीवरून नुसता पाण्याचा गुंड उचलणं असो, गावात कोणाची ना कोणाची कंबर धरलेली असायचीच. सकाळी मी ओसरीवर दात घासत उभा असलो की फाटकातून एखादा माणूस काटकोनात वाकलेला यायचा, एक हात कमरेवर, दुसरा भिंतीला. "पायाळू पोट्टं हाय का घरी?" अशा वेळी माझं नाव कोणी घ्यायचं नाही. मग तो ओसरीवर पालथा पडायचा आणि मी डावा पाय त्याच्या पाठीवरून खाली कमरेपर्यंत तीनदा फिरवायचो. मोबदल्यात गुळाचा खडा, मूठभर शेंगदाणे, कधी आठ आणे. एका म्हाताऱ्यानं बिडी देऊ केली होती, ती बाबांनी जप्त केली.

गंमत म्हणजे गुण यायचा. चार-पाच दिवसांनी तोच माणूस सरळ चालताना दिसायचा आणि माय म्हणायची, "पाह्य, तुया पायाचा गुण हाय तो." पुढे कळलं की वाकताना किंवा ओझं उचलताना कमरेच्या स्नायूंना झटका बसतो, ते स्वतःला घट्ट आवळून धरतात, आणि असं दुखणं बहुतेक वेळा काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आपलं आपण उतरतं. म्हणजे माझ्या पायाला जे श्रेय मिळालं ते खरं कॅलेंडरचं होतं. पण आठ आणे मी परत केले नाहीत.

त्या उद्योगात गावातल्या निम्म्या पाठी मी तळपायानं ओळखायला लागलो. कोणाची पाठ भरलेली, पाय टेकला की रुततो. कोणाची इतकी वाळलेली की तुरीच्या शेंगेवरून बोट फिरवल्यावर आतले दाणे लागावेत तसं एकेक हाड लागायचं. मानेच्या मुळाशी एक मोठा उंचवटा, तिथून बारीक बारीक उंचवट्यांची रांग, आणि कमरेशी आल्यावर ती रांग पन्हळीत बुडून गेल्यासारखी. हेच मणके, असं मला कित्येक वर्षं वाटत होतं. ते अर्धंच खरं होतं.

उरलेलं अर्धं मला एका मेलेल्या बैलानं शिकवलं. गावाबाहेर नाल्याच्या काठी ढोरं टाकायची जागा होती. तिथे गिधाडं उतरायची. दोन दिवसांत मोठं जनावर साफ, आणि मग पावसा-उन्हात हाडं चुन्यासारखी पांढरी व्हायची. आम्ही पोरं तिथे जायचो, जायला सक्त मनाई होती म्हणूनच जायचो. मी उचललेलं पहिलं हाड म्हणजे बैलाचा मणका. त्याचा आकार बघून मला एखादं सोंग आठवलं: समोर गोल, जाड ठोकळा, त्याच्या मागे कमान, कमानीला दोन बाजूंना दोन पंख आणि मागे निघालेला एक लांब काटा. ठोकळा आणि कमान यांच्या मधोमध आरपार भोक. त्या भोकातून आम्ही एकमेकांकडे बघून डोळे मिचकावत असू.

त्या भोकात एके काळी बैलाचा सगळा हुकूम वाहत होता, हे तेव्हा माहीत नव्हतं. भोकावर भोक येऊन मणक्यांचं एक भुयार बनतं आणि त्यातून मेंदूपासून निघालेली मज्जारज्जू खाली उतरते. दर दोन मणक्यांच्या मधून, उजवीकडे एक आणि डावीकडे एक, अशा मज्जातंतूंच्या जोड्या बाहेर पडतात. माणसात अशा 31 जोड्या आहेत. आणि माझ्या तळपायाला लागायचे ते नुसते मागचे काटे. भार पेलणारा गोल ठोकळा आत, पोटाच्या बाजूला, कोणाच्याही पायाला लागणार नाही इतका खोल असतो. एवढी वर्षं मी घराच्या कौलांवर पाय फिरवून भिंतीला बरं करत होतो.

मास्तर झाल्यावर मी वर्गात पोरांना विचारतो: बैलाच्या मानेत मणके किती? तुमच्या मानेत किती? जिराफाच्या? तिन्हींचं उत्तर 7. पोरांना जिराफाचं पटत नाही. पाठीत मात्र आपले 12, बैलाचे 13; कमरेत आपले 5, बैलाचे 6. फरक आकड्यांत फारसा नाही, मांडणीत आहे. बैलाचा कणा म्हणजे घराचं आढं. चार खांबांवर आडवं टाकलेलं, पोट त्याला खाली लटकलेलं. माणसानं तेच आढं उचलून उभं केलं, आणि तिथून आपल्या कमरेची कर्मकहाणी सुरू झाली.

उभा कणा समजून घ्यायला मला आजीची उतरंड उपयोगी पडली. माजघरात कोपऱ्यात मडक्यांच्या दोन उतरंडी असायच्या. सगळ्यांत खाली धान्याचा मोठा डेरा, त्यावर त्याहून लहान मडकं, असं करत करत वर मिठाचं बोळकं. कणा अगदी तसाच आहे. वरचं हाड फक्त डोकं पेलतं म्हणून नाजूक, कमरेतलं पाचवं हाड सगळं धड पेलतं म्हणून थोराड. त्याखाली आणखी पाच मणके, पण ते वयात आल्यावर एकमेकांना जुळून एकच तिकोनी हाड होतं, त्रिकास्थी. आणि शेवटी चार चिमुकल्या मणक्यांचं माकडहाड, जे कुठे आहे हे माणसाला धपकन खाली बसल्यावरच कळतं.

उतरंडीच्या टोकावरची दोन बोळकी वेगळ्याच घाटाची आहेत. पहिल्या मणक्याला ठोकळाच नाही, नुसतं कडं. पृथ्वी पेलणाऱ्या शेषासारखं ते डोकं पेलतं; ग्रीकांच्या पुराणात आभाळ पेलणारा एक दैत्य आहे, अॅटलस, त्याचं नाव या हाडाला दिलेलं आहे. कवटी या कड्यावर पुढे-मागे डुलते, तो आपला होकार. दुसऱ्या मणक्यातून वर एक खुंटी निघते आणि पहिल्याच्या कड्यात बसते. जात्याच्या खालच्या दगडात मधोमध खुंटा असतो आणि वरचा दगड त्याच्याभोवती फिरतो, तसंच. हा आपला नकार. होकाराचा सांधा वेगळा आणि नकाराचा वेगळा, हे कळल्यापासून शिक्षकांच्या मीटिंगमध्ये मी इतरांच्या माना बघत बसतो. नकाराचा सांधा क्वचितच वापरला जातो.

मडक्यावर मडकं नुसतं ठेवलं तर उतरंड टिकत नाही. आजी मधे कापडाचं वेटोळं ठेवायची. तेच वेटोळं डोक्यावर घेतलं की चुंबळ. माय जुन्या लुगड्याच्या पदराची चुंबळ करायची: कापड पिळायचं, गोल फिरवायचं, टोक आत खोचायचं. दोन भरलेले गुंड एकावर एक डोक्यावर घेऊन ती नाल्याच्या चढावरून यायची आणि हात मोकळे सोडून शेजारणीशी भांडत यायची. पाणी सांडायचं नाही, भांडणही थांबायचं नाही.

कण्यातही चुंबळी आहेत. एकूण 23. मानेतल्या दुसऱ्या मणक्यापासून थेट त्रिकास्थीपर्यंत प्रत्येक दोन हाडांच्या मधे एक. पुस्तकात त्याला चकती म्हणतात, आमच्याकडे गादी म्हणतात. बाहेरचं वेटोळं चिवट तंतूंच्या थरांचं. एका थराचे तंतू डावीकडे तिरपे, पुढच्याचे उजवीकडे, बाजेची सुतळी विणतात तसे. आणि मधे ताडगोळ्यासारखा ओला गर. तान्ह्या मुलाच्या गरात जवळजवळ 90 टक्के पाणी असतं, म्हातारपणी ते 70 च्या आसपास येतं. हाडांवर हाडं रचून माणूस उभा आहे असं आपण समजतो, पण कण्याच्या उंचीचा जवळपास चौथा हिस्सा या ओल्या वेटोळ्यांचा आहे.

दिवसभराच्या भारानं त्यातलं थोडं पाणी पिळून निघतं. त्यामुळे रात्री झोपताना माणूस सकाळपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बुटका असतो. बरीचशी घट उठल्यानंतरच्या पहिल्या तासात होते, म्हणून शाळेत मोजून उपयोग नाही. मी पोरांना घरचा अभ्यास दिला: उठल्या उठल्या भिंतीला टेकून उभं राहायचं, घरच्यांनी डोक्यावर पट्टी धरून रेघ मारायची, रात्री पुन्हा. दुसऱ्या दिवशी वर्ग आनंदानं वेडा झाला होता. एका पोराची आई मात्र शाळेत आली. पोळ्यासाठी नुकतीच सारवलेली भिंत तिच्या लेकानं कोळशानं रंगवली होती. "गुर्जी, पोरगं रात्री आखूड झालं त मी काय करू?"

तिला मी जे सांगितलं ते आधी कोणीतरी माझ्या मायला सांगायला हवं होतं. या चुंबळीला रक्तवाहिन्या नाहीत. आपल्या अंगातला इतका मोठा दुसरा कुठलाच भाग रक्ताविना जगत नाही. वरच्या-खालच्या हाडातून, कूर्चेच्या पातळ पापुद्र्यातून जे झिरपेल तेवढ्यावर तिचा गुजारा. भार पडला की ती पिळली जाते, भार उतरला की पाणी शोषून घेते. त्यामुळे तिला हालचालही लागते आणि आडवं पडणंही लागतं. दोन्हीतलं एकच सतत मिळालं तर ती सुकते.

1960 च्या दशकात नाकेमसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरनं जिवंत माणसांच्या कमरेच्या चकतीत सुई घालून आतला दाब मोजला. (माणसं तयार कशी झाली, हे मला कायम कोडं आहे.) उभं राहिल्यावरचा दाब 100 धरला तर उताणं झोपल्यावर 25, पुढे वाकल्यावर 150, आणि वाकलेलं असताना हातात वजन घेतलं की 220. हे आकडे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे कपाशीचं तास आलं. वेचणी दिवाळीपासून सुरू होते ती पुढे दोन-तीन महिने चालते. झाड कमरेएवढं, फुटलेली बोंडं गुडघ्याशी. बाई खाली बसत नाही, बसली तर तास सरकत नाही. ती कमरेतून वाकते आणि वाकलेलीच पुढे जाते. पोटाशी बांधलेल्या ओटीत कापूस भरत जातो, म्हणजे वजन वाढतं तेही पुढच्याच बाजूला. मजुरी किलोवर. सरळ उभं राहून कंबर मोकळी करण्याचेही पैसे कापले जातात, फक्त ते हिशोबाच्या वहीत दिसत नाहीत. माय अशी तीसेक वर्षं 150 आणि 220 च्या मधे जगली. 25 मधे ती असायची रात्री अकरा ते पहाटे चार.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. गरम तूप, हळद, आणि जुवाखाली वर्षभर घासलेल्या मानेवर हलकेच चोळणं. "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या," असं बैलाला म्हणायचं. बाबा हे फार मायेनं करायचे, आणि तुपाची वाटी चुलीपासून गोठ्यापर्यंत वाकून वाकून आणून द्यायची माय. बाबांचं तरी काय, पाठीवर सोळा लिटरचा फवारणी पंप घेऊन त्यांनी उभं आयुष्य काढलं; नुसत्या पाण्याचेच सोळा किलो. पण त्यांची कंबर टिकली. आधी मायची गेली.

पाचेक वर्षांपूर्वीची गोष्ट. पौष महिना. माय शेतातून आली आणि दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. कमरेपेक्षा पाय जास्त दुखतोय म्हणाली. कुल्ल्यातून निघून मांडीच्या मागून पोटरीच्या बाहेरून अंगठ्यापर्यंत. "वीज जाते बाबू पायातून," असं ती म्हणाली. पायाळूवर पडायची ती वीज तिच्या पायात पडली होती. दोन दिवस तिनं काढले. तिसऱ्या दिवशी रात्री मला म्हणाली, "एकदा पाय लाव ना."

मी विज्ञानाचा मास्तर. अंधश्रद्धेवर दरवर्षी भाषण देतो. मी दार लोटून घेतलं आणि पाय लावला. तिच्या पाठीवरचे काटे तळपायाला एकेक करून लागले, लहानपणी कधी लागले नव्हते इतके. तीनदा फिरवला. काहीही झालं नाही. ती मात्र म्हणाली, "जरा बरं वाटून रायलं," आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली.

कमरेचा चौथा आणि पाचवा मणका, आणि त्याखालचं त्रिकास्थी, इथून निघालेले मज्जातंतू एकत्र येऊन शरीरातली सर्वांत जाड नस बनते, अंगठ्याएवढी जाड. ती कुल्ल्यातून थेट पायात उतरते. मुळाशी एखादा तंतू दाबला गेला तरी दुखतं ते त्याच्या वाटेवर, अगदी टोकापर्यंत. आयुर्वेदानं या दुखण्याला गृध्रसी नाव दिलं आहे. गृध्र म्हणजे गिधाड. रोगी लंगडत, अंग झोकत चालतो तसा. मायला ते नाव सांगितलं तर ती म्हणाली, "गिधाडं त कवाचीच गेली."

खरंच गेली. मी चौथी-पाचवीत असेपर्यंत नाल्यावर ती दिसायची, मग कमी होत होत नाहीशी झाली आणि ढोरांची मढी दिवसेंदिवस कुजायला लागली. कारण 2004 मध्ये उघड झालं: दुखण्यावरचं डायक्लोफिनॅक हे औषध गाई-बैलांना सर्रास दिलं जाई. असं जनावर मेल्यावर त्याचं मांस खाल्लं की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होत. 2006 मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर भारतात बंदी आली. माणसांसाठी ते चालूच आहे. मायच्या उशाशी गोळ्यांची जी पट्टी होती तिच्यावर हेच नाव होतं. गृध्रसीवरचं औषध गृध्रांना खाऊन बसलं आहे, हे मी त्या रात्री तिला सांगितलं नाही. गोळी रिकाम्या पोटी घेऊ नको, एवढंच सांगितलं.

तालुक्याला एक्स-रे काढला. डॉक्टरांनी काच पेटवून फिल्म लावली, पेनानं एक जागा दाखवली आणि पुढचा पेशंट बोलावला. बाहेर कंपाउंडरनं निदान केलं: "मणक्यात गॅप आला आजीच्या." हा शब्द आमच्याकडे साथीसारखा आहे. प्रत्येक घरात एकाला तरी गॅप आहे. लोकांना वाटतं दोन मणके एकमेकांपासून लांब गेले, मधे फट पडली, आता पट्टा बांधून ती बुजवायची. मी खाकी पाकीट घरी आणून फिल्म खिडकीच्या उजेडाला धरली. (1995 च्या दिवाळीत सूर्यग्रहण झालं तेव्हा आम्ही आजोबांच्या छातीच्या एक्स-रेतून सूर्य पाहिला होता. डोळे शाबूत राहिले ते नशीब. तसं पाहू नये.) एक्स-रेत हाड पांढरं दिसतं, चकती दिसतच नाही. तिच्या जागी नुसती काळी पट्टी दिसते. वरच्या मणक्यांमधल्या पट्ट्या ऐसपैस होत्या. चौथ्या आणि पाचव्याच्या मधली अगदी चिंचोळी. म्हणजे झालं होतं उलटंच. गॅप आला नव्हता, होता तो गेला होता. चुंबळ सुकून, चेपून, मडकं मडक्यावर टेकत आलं होतं.

"गादी सरकली" हेही तसंच. चकती वरच्या-खालच्या हाडांना पक्की चिकटलेली असते, ती बशीसारखी सरकत नाही. तिचं वेटोळं उसवतं आणि आतला गर बाहेर येतो. वाकल्यावर मणक्यांच्या पुढच्या कडा जवळ येतात, गर मागे ढकलला जातो. मागे मधोमध एक मजबूत बंध आहे, पण कमरेपाशी तो अरुंद होत जातो. म्हणून गर फुटतो तो बहुधा बंधाच्या कडेनं, थोडा डावीकडे नाहीतर उजवीकडे, आणि तिथेच तंतू उभा असतो. हे सगळं इतकं उघड वाटतं, पण चकतीचा गर तंतू दाबतो आणि त्यानं पाय दुखतो हे वैद्यकाला पटलं ते 1934 मध्ये, बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन डॉक्टरांनी मांडल्यावर. त्याआधी ऑपरेशनमध्ये तो गर सापडला की त्याला कूर्चेची गाठ समजत.

पुढे मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी मायला उताणं झोपवून पाय गुडघ्यात न वाकवता वर उचलला. अर्ध्यावर माय ओरडली. मग बाईंनी विचारलं, "आजी, लघवी झालेली कळते ना? बसायच्या जागी मुंग्या, बधिरपणा?" मायनं माझ्याकडे असं पाहिलं की मी बाहेर गेलो. परत येताना बसमध्ये ती कितीतरी वेळ त्या प्रश्नावर रागावलेली होती. "कंबर दुखते त लघवीचं काहून विचारते?" मी तिला समजावलं. मज्जारज्जू पूर्ण कण्याएवढी लांब नसते. मोठ्या माणसात ती कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपते आणि तिथून खाली भुयारात नुसत्या तंतूंचा झुबका लोंबतो, घोड्याच्या शेपटासारखा. डॉक्टरी भाषेत त्याचं नावही तेच आहे. त्यात लघवी-संडासचे तंतू असतात. तो सगळा झुबकाच दाबला गेला तर लघवीची जाणीव जाते, बसायची जागा बधिर होते, आणि मग रात्री दोन वाजले असले तरी गाडी करून दवाखाना गाठावा लागतो. माय थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग बरं विचारलं तिनं."

ऑपरेशन लागलं नाही. बाहेर आलेला गर पुष्कळदा शरीर हळूहळू शोषून घेतं, तंतूची सूज उतरते. मायला तीन महिने लागले. अंगठा आणि जोडवं घातलेलं बोट मात्र बधिर राहिलं. चप्पल पायातून निसटते आणि तिला पाच-सहा पावलांनी कळतं.

अहवालात एक ओळ होती ती मला फार आवडली: कमरेचा नैसर्गिक बाक कमी झाला आहे, स्नायू आखडल्यामुळे. म्हणजे मायचा कणा ताठ झाला होता, आणि ते आजारपण होतं. आपण आपलं ताठ कण्याच्या माणसाचं कौतुक करत असतो. आमच्या तालुक्यात तर शेतकरी हा देशाचा कणा असल्याचं दर निवडणुकीत कळतं. खरा कणा सरळ नसतोच. बाजूनं पाहिला तर मानेत पुढे, पाठीत मागे, कमरेत पुन्हा पुढे, अशी नागमोडी. हे बाक आहेत म्हणून चालताना बसणारा धक्का डोक्यापर्यंत पोचत नाही. मूल जन्मतं तेव्हा सगळा कणा एकाच बाकाचा असतो, पोटात मुटकुळं करून झोपल्याचा. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते डोकं सावरायला लागतं आणि मानेचा बाक तयार होतो. उभं राहून पाऊल टाकायला लागलं की कमरेचा. आपल्या बायका हे कधीपासून सांगतच आल्या आहेत: मान धरली, बसाया लागलं, पाऊल टाकलं.

माय या वर्षी वेचणीला गेली नाही, असं लिहायला मला आवडलं असतं. गेली. फक्त दुपारी भाकर खाल्ल्यावर ती बांधावरच्या निंबाखाली चवाळं टाकून उताणी पडते, गुडघे उभे करून, पंधरा मिनिटं. बाकीच्या बाया हसतात. तिनं त्यांना 25 आणि 150 सांगून पाहिलं, पण आकडे उलटे सांगितले बहुतेक.

आमची धाकटी आता चार महिन्यांची आहे. मोठ्याला मायनंच न्हाऊ घातलं होतं: पाय लांब करून बसायचं, पोटऱ्यांवर बाळ पालथं, वरून कोमट पाणी. या वेळी ती बसली आणि लगेच उठली. पाय लांब करून बसणं म्हणजे त्या डॉक्टरीणबाईंनी पाय उचलला होता तेच. मागची नस ताणली जाते. म्हणून आता पाटावर पाय पसरून मी बसतो. माय शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर, हातात गडवा. बायको दारातून बघून हसते.

धाकटीनं परवा मान धरली. माझ्या पोटऱ्यांवर पालथी पडून ती डोकं उचलते आणि न्हाणीच्या भिंतीकडे टक लावून बघते. मी तेलाचा हात तिच्या पाठीवरून फिरवतो. काटे अजून काट्यांसारखे लागत नाहीत, मऊ मोहरीचे दाणे ठेवल्यासारखे लागतात. तिचं त्रिकास्थी अजून जुळलेलं नाही, माकडहाडही नाही. मणके मोजायचे तर तिच्याकडे आत्ता 33 आहेत. मायकडे जुळून जुळून 26 उरले.

"मोजत काय बसला?" माय म्हणाली. "पोरगी गारठून रायली." आणि तिनं गडवा कलता केला.